गोपीनाथचा जांभळा कोट

अंगरख्याला माप लागत नाही. पोर समोरून पळत गेलं तरी मंजुळाच्या डोळ्यांत त्याचा अंगरखा बसायचा. घेराच्या कळ्या जोडायच्या, काखेत चौकोनी तुकडा घालायचा, छातीवर बंद द्यायचे. पोर वाढलं की बंद सैल बांधायचे, म्हणजे अंगरखाही त्याच्यासोबत वर्ष-दोन वर्षं वाढत राहतो. कल्याणात कुणाच्या मुलाचं लग्न निघालं, की कापडाचा गठ्ठा मंजुळाच्या दारात यायचा. ती उंबऱ्याशी उजेडाला बसून शिवायची आणि हलक्या आवाजात म्हणायची,

सुईच्या गं मागं दोरा, दोऱ्यामागं मन माझं
टाका गेला परगावी, गाठीचं राहिलं ओझं

ऐकायला घरात कुणी नव्हतं. नवरा दामाजी पटकीच्या साथीत गेला. धाकटा रघू त्याच्या मागोमाग देवी येऊन गेला. थोरला गोपीनाथ जिवंत होता, खाडीच्या खालच्या अंगाला ठाण्यात होता, पण तो आता तिचा नव्हता. दामाजीच्या थोरल्या भावाला, नाथाला, मूल नव्हतं. रघू पोटात असताना दोघा भावांनी ठरवलं आणि मंजुळानं गोपीनाथला स्वतःच्या हातानं उचलून जावेच्या, गोदाच्या, ओटीत बसवलं. त्या दिवशी ती फारशी रडलीही नव्हती. दुसरं येतंच आहे, असं वाटलं होतं.

दत्तक दिलेलं मूल परत मागत नाहीत. रघू गेल्यावरही मागत नाहीत. गोपीनाथ गोदाला आई म्हणायचा आणि मंजुळाला काकी. सणावारी ती ठाण्याला गेली की तो येऊन पाया पडायचा. तेवढ्यात त्याचा खांदा तिच्या हाताला लागायचा, आणि लगेच गोदा आतून काहीतरी आणायला त्याला हाक मारायची. रघू गेल्यापासून गोदाची ही हाक जास्तच लवकर यायला लागली होती.

राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून ठाण्याच्या कचेरीवर दिव्यांची रोषणाई झाली, त्याच वर्षी वैशाखात गोपीनाथचं लग्न ठरलं. पोराला अकरावं लागलं होतं. नवरी उथळसरची. नाथाचं कचेरीजवळ दुकान होतं, दुकानात पायानं चालवायचं शिवणयंत्र होतं, कारकुनांचे कोट त्यावर धडाधड निघायचे. पण त्या घराण्याची एक रीत होती. नवरदेवाच्या अंगावरचं कापड यंत्राखाली घालायचं नाही. ते घरच्या बाईनं हातानं शिवायचं. गोदाचं मन चांगलं होतं, टाका नव्हता. तिनं शिवलेली शिवण पावसाळ्यातल्या बांधासारखी जायची. म्हणून नाथानं कल्याणला निरोप धाडला, की मंजुळानं यावं.

ओहोटीला काळुराम कोळ्याचा मचवा भाताची पोती घेऊन ठाण्याकडं निघायचा. त्यात मंजुळा बसली. दोन्ही काठांना मिठागरं होती, मिठाचे ढीग उन्हात डोळ्यांना खुपत होते. काळुराम जुन्या ओळखीचा, तोंडाचा मोकळा. सुकाणू धरून तो म्हणाला, "काय गो मंजुलावैनी, न्हवऱ्याची आय निघाली वाटतं लग्नाला."

"काकी म्हणा," मंजुळा म्हणाली आणि पदर सारखा केला.

त्यानं जीभ चावली. मग बराच वेळ तो भरतीचं, वाऱ्याचं, पोरांच्या मस्तीचं बोलत राहिला. ती हो-हो करत होती आणि मनात एकच धरून बसली होती. कपडे शिवायचे म्हणजे पोराला जवळ उभं करायला पाहिजे. माप घ्यायचं म्हणजे खांदा, पाठ, छाती, मनगट, सगळीकडं हात फिरतो आणि त्या हाताला कुणी काही म्हणत नाही. पण अंगरखा शिवायचा असला तर? नाथाला ठाऊक होतं, की मंजुळा अंगरखा नजरेनं शिवते. मग पोराला तिच्यासमोर कोण उभं करणार?

ठाण्याच्या घरी पोचली तो ओसरीवर नेमका हाच वाद रंगला होता. थोरल्या दिराच्या समोर जायचं नाही म्हणून मंजुळा दाराआड उभी राहून ऐकत होती.

गोपीनाथला अंगरखा नको होता. अंगरखा म्हाताऱ्यांचा, असं त्याचं म्हणणं. रेल्वेच्या साहेबाचा मुलगा रविवारी त्यांच्या देवळात जाताना काळा, आखूड, कमरेपाशीच संपणारा कोट घालतो आणि त्यावर पांढरी रुंद कॉलर. तसला त्याला हवा होता. नाथा म्हणाला, त्यात मागची बाजू उघडी पडते, आणि आपण धोतर नेसतो, साहेबाचा पोर नेसत नाही. मग गोपीनाथ पारशांच्या मुलांच्या लांब डगल्यावर आला. तो पांढरा असतो, लग्नात चालायचा नाही. शेवटी आत्याबाई, म्हणजे नाथाची बहीण मालन, म्हणाली, की असं करा, पोराला यंत्रच नेसवा आणि पाठवा. सगळे हसले. हसता हसता ठरलं: बंद गळ्याचा, गुडघ्यापर्यंतचा, शिंपल्याच्या बटणांचा कोट, जांभळ्या साटणीचा. नाथा स्वतः बेतून कापणार, मंजुळा शिवणार.

त्यावर मालननंच दुसरी अडचण काढली. मंजुळा ही अशी, तिच्या कपाळी कुंकू नाही. तिच्या हातचं नवरदेवाच्या अंगाला कसं चालेल? हे ती दाराकडं बघूनच म्हणाली. मग नाथानंच तोड काढली. पहिला टाका गोदानं घालावा आणि शेवटचं बटण गोदानं लावावं. दोन्ही टोकांना सवाष्णीचा हात असला, म्हणजे मधलं सगळं तिचंच झालं.

मधलं सगळं मंजुळानं मुकाट्यानं घेतलं.

माजघरात सतरंजीवर कापलेले तुकडे पसरले होते. पाठ, दोन छात्या, दोन बाह्या. कुणी पोर हातपाय पसरून निजावं तसे. तिला कोट आवडला नाही. अंगरख्याचा बंद माणसाचं ऐकतो, सैल म्हटलं की सैल होतो. बटण एकाच जागी ठाम बसतं. असल्या कापडात पोर वाढणार कुठं?

तेवढ्यात बाहेरून नाथा गोदाला सांगताना ऐकू आला, की कोट एका दमात शिवायचा नसतो. आधी कच्चे टाके घालायचे, पोराच्या अंगावर चढवून बघायचा, कुठं ओढतो, कुठं फुगतो ते बघून उसवायचा, परत घालायचा. अंगावर घालून बघितल्याशिवाय कोट बसत नाही, तेव्हा गोपीनाथला शाळेतून आला की मंजुळाकडं पाठवत जा.

मंजुळानं दाराची चौकट धरली. ज्या कोटाला ती मघा नावं ठेवत होती, त्याच्या साटणीवरून तिनं हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

गोदानं पहिला टाका घातला. त्यानंतर मंजुळानं कच्ची शिवण घातली आणि संध्याकाळी गोपीनाथ आला. दप्तर टाकलं, हात वर केले, कोट अंगात घेतला. खांद्यात घट्ट झाला. तिनं शिवणीत कापड जास्त दाबून घेतलं होतं, कारण तिच्या डोळ्यांतला मुलगा अजून लहान होता. नाथाच्या कातरीनं खरा मुलगा कापला होता, तिच्या सुईनं तो परत लहान करून टाकला होता.

ती गुडघ्यावर बसली आणि खांद्यापासून सुरुवात केली. हाड कुठं आहे ते बोटांनी बघितलं. मानेमागं केसांच्या खाली तीळ होता, तो अजून तिथंच होता. पोराच्या अंगाला घाम, पाटीची राख आणि कैरी यांचा वास येत होता. गोपीनाथ सारखा बोलत होता. आगगाडीच्या इंजिनाला दिवसाला किती पाणी लागतं, पंतोजी झोपेत कसे घोरतात. मग त्यानं विचारलं, साहेबाच्या पोराचे कपडे त्याची आई शिवते का? मंजुळा म्हणाली, शिवत असेल. तो म्हणाला, नाही, त्याला शिंपी आहे, त्याचे कपडे आमच्या आबांच्याच दुकानात शिवायला येतात, त्याची आई नुसती बसून असते. मग ती बिचारी काय करत असेल, असं मंजुळाच्या मनात आलं, पण तोंडात टाचण्या होत्या.

त्या दिवशी गोदानं हाक मारली नाही. कोटाचं काम चाललं होतं.

दुसऱ्या खेपेला कोट बसला. खांदे बसले, मुंढे बसले, म्हणजे जिथं बाही खांद्याला जुळते ती गोल शिवण कुठं ओढेना की फुगेना. गोपीनाथनं हात पुढं केले, मागं केले, वर केले. सगळं बरोबर होतं. आता पक्की शिवण घालायची, अस्तर लावायचं, काजं करायची, की संपलं. या सगळ्याला पोराची गरज नव्हती.

मंजुळा म्हणाली, "काखेत जरा ओढतोय. उद्या परत बघू."

गोपीनाथला काही ओढत नव्हतं, पण शिवणाऱ्या बाईला जास्त कळतं म्हणून तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी घर झोपलं असताना मंजुळानं तो बरोबर बसलेला मुंढा उसवला आणि जरा आत घेऊन परत शिवला. आयुष्यात तिनं मुद्दाम वाकडा टाका घातला नव्हता. सुई मात्र नेहमीसारखीच सरसर चालली, याचंच तिला आश्चर्य वाटलं.

मग रोज तसंच. आज उजवा मुंढा, उद्या डावा, परवा पाठ. संध्याकाळी पोर यायचं, हात वर करायचं, आणि ती सावकाश, फार सावकाश, टाचण्या लावायची. कधी कॉलरच्या निमित्तानं मान, कधी बाहीच्या निमित्तानं मनगट. पोराला हसू यायचं, गुदगुल्या होतात म्हणायचा. त्या घटकाभरासाठी तिचा दिवस उभा राहायचा.

पण लग्न जवळ येत होतं. मालन जाता-येता आत डोकावायची आणि म्हणायची, कल्याणची सुई खाडीच्या वाऱ्यानं गंजली वाटतं. एका सकाळी नाथानं कोट बाहेर मागवला, चष्मा लावून शिवणी बघितल्या, आपली गजपट्टी काढून तुकडे परत मोजले, आणि गोदाला म्हणाला, की माझीच कातर चुकली असणार, डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. मंजुळानं ते दाराआडून ऐकलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. तरीही संध्याकाळी तिनं पोराला बोलावलं.

गोपीनाथ आला नाही. ओसरीवरूनच, चार माणसांत, म्हणाला, "काकीला कोट येत नाही. आबा, तुम्हीच शिवा ना यंत्रावर."

कुणीतरी हसलं. नाथा म्हणाला, बघू.

थोड्या वेळानं गोदा आत आली. तिनं कोट उचलला आणि मागच्या दाराशी उजेडाला धरला. गोदाला शिवता येत नव्हतं, पण शिंप्याच्या घरात नांदून तिला एवढं कळत होतं, की सुती कापड टाका विसरतं आणि साटण विसरत नाही. सुई गेली तिथं भोक राहतं. मुंढ्याभोवती भोकांच्या ओळी होत्या, एकीशेजारी एक, जशा भरती ओसरताना चिखलावर पाण्याच्या रेघा राहतात.

गोदानं सर्वांत बाहेरच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही शिवण बरोबर होती."

मंजुळानं हातातल्या सुईतला दोरा ओढून तोडला.

"तू ती उसवलीस."

"हो."

गोदा खाली बसली. तिच्या मांडीवर कोट होता, तिचे हात त्याच्यावर घट्ट मिटलेले होते. तिनं विचारलं, आणि तिचा आवाज मंजुळानं कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता. "तू त्याला परत मागणार आहेस का गं?"

"नाही अक्का."

"रघू गेल्यापासून मला रोज वाटतं. तू दारात आलीस की मला वाटतं, आज मागणार. म्हणून मी त्याला आत बोलवून घेते." तिनं कोट पुढं केला. "मग हे कशाला केलंस?"

मंजुळानं सुई कापडाच्या कडेला खोचून ठेवली. "हात लावायला मिळतो," ती म्हणाली.

बाहेर गोपीनाथ कुणाशी तरी गोट्यांवरून भांडत होता. दोघी त्याचा आवाज ऐकत बसल्या. गोदानं डोळे पुसले, आधी आपले, मग पदराचं तेच टोक मंजुळापुढं केलं. मग ती घरच्या कारभारणीसारखी म्हणाली, की हे उद्या उथळसरच्या बायका बघतील. नवरदेवाच्या खांद्यावर भोकं बघून त्या काय म्हणतील? आणि त्यानं चार माणसांत काकीला कोट येत नाही म्हटलं, ते तसंच राहू द्यायचं का? मी ह्यांना सांगते, कोट मंजुळाच पुरा करेल. पण पोर आता परत यायचं नाही. त्याला बोलावूही नकोस.

मंजुळानं मान हलवली.

मग तिनं ती बाहेरची, बरोबर असलेली शिवण धरून मुंढे पक्के केले. बोटांना त्याचे खांदे पाठ झाले होते. आता खरंच मापाची गरज नव्हती. भोकं उरली. तिनं कलाबतू मागवला, सोन्याच्या तारेचा गोट वळला आणि मुंढ्याभोवती असा फिरवला की एकूणएक ओळ त्याखाली झाकून गेली. एका खांद्याला केला तर दुसऱ्याला पाहिजे, दोन्ही खांद्यांना केला तर गळ्याला पाहिजे. करता करता कोट उजळून निघाला. आपण आपल्या चोरीवर सोनं घालतोय, असं तिला वाटत होतं. या कामाला तिनं ओवी म्हटली नाही. गोदानं येऊन शेवटचं बटण लावलं, वाकडं लावलं, आणि दोघींनी ते तसंच ठेवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी कोट ओसरीवर दाखवायला ठेवला तेव्हा बायका जमल्या. खांद्यावरच्या गोटावरून बोटं फिरू लागली. मालन म्हणाली, की आमच्याकडं असंच काम होतं. एका कारकुनाच्या बायकोनं विचारलं, माझ्या मुलाला असा कराल का, खांद्यावर सोनं घालून? ही मुंबईची नवी तऱ्हा आहे का? नाथा चष्मा पुसत म्हणाला, मुंबईची नाही, आमच्या घरची आहे. त्याला बरं वाटत होतं, की कातर चुकली नव्हती. आतल्या अंधारात मंजुळा पोळपाट धूत होती.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून वाजंत्री लागली. हळद लागली, नहाणं झालं. अशा वेळी मंजुळासारखीनं पुढं यायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. ती मागल्या खोलीत तांदूळ निवडत होती. पाटावर कोण, आरतीला कोण, हे ती आवाजावरूनच ओळखत होती.

दार ढकललं गेलं. गोदा आत आली, एका हातात कोट, दुसऱ्या हातात गोपीनाथचा हात. पोराचे गाल हळदीनं पिवळे होते, डोळ्यांत काजळ होतं. गोदानं दार लोटून घेतलं आणि पाठीनं दाबून धरलं.

"तू घाल त्याला," ती म्हणाली. "मी दाराशी आहे. कुणी आत येणार नाही."

मंजुळानं हात पदराला पुसले, परत पुसले. मग कोट उघडून धरला. गोपीनाथनं हात आत घातले आणि साटण त्याच्या पाठीवरून पाण्यासारखी खाली उतरली. ती समोर गुडघ्यावर बसली. खालच्या बटणापासून एकेक लावत ती वर चालली. पोट, छाती. काजं तिनं स्वतः केली होती. नव्या काजात बटण अडायला हवं, पण एकही अडलं नाही. गळ्याशी पोचली तेव्हा तिची बोटं त्याच्या हनुवटीला लागली. पोर तिच्याकडं बघत नव्हतं. तिच्या डोक्यावरून दाराच्या फटीकडं, वाजंत्र्यांच्या आवाजाकडं बघत होतं, आणि त्याचे पाय जागच्या जागी ताल धरत होते.

"ओढत नाही ना रे कुठं?" तिनं विचारलं.

गोपीनाथनं हात पुढं केले, मागं केले, वर केले, रोज करायचा तसे. "नाही काकी," तो म्हणाला. "आता एकदम बसला." आणि तो मनापासून हसला, तिच्याकडं बघून.

बाहेरून कुणीतरी मुहूर्ताची घाई केली. गोदा दाराशी हलली नाही. तिनं फक्त मान दुसरीकडं वळवली.

मंजुळानं एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि तिथून दंडापर्यंत खाली आणला, सुरकुती काढायला काढतात तसा. मग पाठीवर. मग दुसऱ्या खांद्यावर. तिनं सगळीकडं शोधलं. कुठंच सुरकुती नव्हती.